कंपनी तोट्यात, म्हणून उत्पन्न शून्य?

ब्रिटनमध्ये लिमिटेड कंपनी काढणं फार सोपं आहे. घरबसल्या अर्ज भरायचा, शुल्क भरायचं, की एक-दोन दिवसांत तुम्ही 'डायरेक्टर'. खरं काम त्यानंतर सुरू होतं. पोळीभाजीचे डबे, गणपतीतले मोदक, ऑनलाइन शिकवण्या, दोन माणसांची आयटी सल्लासेवा असे उद्योग तिथली मराठी माणसंही उत्साहाने काढतात. वर्षभरात कळतं, की ऑर्डरी येतात पण हातात काही उरत नाही. मग सरकारी मदतीची चौकशी सुरू होते आणि सल्ल्यांचा पाऊस पडतो. गंमत म्हणजे यातले बरेच सल्ले एके काळी बरोबर होते. म्हणूनच ते इतके चिवट आहेत.

"वर्किंग टॅक्स क्रेडिटचा अर्ज कर"

आता तो करता येत नाही. २००३ साली सुरू झालेली ही योजना ५ एप्रिल २०२५ ला कायमची बंद झाली. तिची जागा युनिव्हर्सल क्रेडिटने घेतली आहे. मात्र जुन्या योजनेचे नियम लोकांच्या डोक्यातून गेलेले नाहीत, आणि घोळ तिथेच होतो.

जुन्या योजनेत लिमिटेड कंपनीचा डायरेक्टर हा नोकरदार समजला जाई. त्याचा पगार मोजत आणि डिव्हिडंड घेतला तर तोही. कंपनीत पडून राहिलेल्या नफ्याकडे कोणी पाहत नसे. तेव्हाही एक मेख होतीच: काम 'मोबदल्यासाठी किंवा मोबदल्याच्या अपेक्षेने' केलेलं असावं लागे. त्यामुळे कंपनीला परवडत नाही म्हणून एक पैसाही न घेणारा, आणि पुढे तो मिळण्याची चिन्हंही नसलेला डायरेक्टर आठवड्याला साठ तास राबला तरी नियमाच्या भाषेत 'कामावर' नसण्याची शक्यता असे.

"कंपनी वेगळी, मी वेगळा"

कंपनी कायद्यात हे अगदी बरोबर आहे. लंडनमधल्या ॲरन सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्या व्यापाऱ्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९७ साली हेच तत्त्व पक्कं केलं आणि भारतातल्या कॉमर्सच्या विद्यार्थ्यांनाही ते पाठ असतं. पण युनिव्हर्सल क्रेडिटच्या २०१३ च्या नियमावलीतला ७७ वा नियम हा पडदा सरळ बाजूला सारतो. कंपनीतलं तुमचं स्थान एकट्या मालकासारखं किंवा भागीदारासारखं असेल, तर कंपनीचं उत्पन्न, किंवा त्यातला तुमचा हिस्सा, तुमचीच स्वयंरोजगाराची कमाई धरतात. नवरा-बायकोचे निम्मे-निम्मे शेअर असतील तर निम्मा निम्मा. नफा कंपनीतच ठेवून स्वतःला गरीब दाखवण्याची सोय इथे नाही. डिव्हिडंड काढला काय, न काढला काय, हिशेब नफ्यावरूनच होतो.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. नुसतं डायरेक्टरपद आहे, मालकी दुसऱ्याची आहे, अशा माणसाला हा नियम लागत नाही. त्याचा फक्त पगार मोजतात.

तोट्यातल्या कंपनीतून डिव्हिडंड काढावा का, हा प्रश्न तर उद्भवूच नये. वाटण्याजोगा नफा साठलेला नसेल तर २००६ च्या कंपनी कायद्याप्रमाणे डिव्हिडंड देताच येत नाही. दिलाच, तर तो परत करावा लागू शकतो.

"अकाउंटंटने तोटा दाखवलाय, तोच कळवायचा"

अकाउंटंटचा ताळेबंद वर्षाचा असतो, युनिव्हर्सल क्रेडिटचा हिशेब दर महिन्याचा आणि रोखीचा. त्या महिन्यात प्रत्यक्ष हातात आलेले पैसे वजा प्रत्यक्ष दिलेला खर्च. बिल पाठवलं पण पैसे आले नाहीत, तर ती जमा नाही. घसारा हा खर्च धरत नाहीत. नवा ओव्हन घेतला तर त्याची पूर्ण किंमत घेतली त्या महिन्यात वजा होते. म्हणजे केवळ घसाऱ्यामुळे कागदावर दिसणारा तोटा इथे तोटा ठरत नाही. सुरुवातीला स्वतःच्या खिशातून कंपनीला दिलेलं कर्ज तुम्ही परत घेतलंत, तर ती परतफेडही खर्चात बसत नाही.

पगाराची भानगड वेगळीच आहे. डायरेक्टरने पगार घेतला तर त्याची माहिती करखात्याच्या यंत्रणेतून आपोआप बेनिफिट खात्याकडे जाते. शिवाय कंपनीचा जमाखर्च तुम्ही दर महिन्याला स्वतः कळवता. त्या जमाखर्चात स्वतःचा पगार 'खर्च' म्हणून दाखवायला विसरलात, तर तीच रक्कम दोनदा तुमच्या नावावर चढते: एकदा पगार म्हणून, एकदा नफा म्हणून. ही चूक सहज होते, आणि आपल्या हिशेबात ती झाली आहे हे बाहेरच्या कोणाच्या लक्षात येईलच असं नाही.

"डायरेक्टरने किमान वेतन घ्यायलाच हवं" असंही सांगितलं जातं. तसं नाही. वेगळा नोकरीचा करार नसेल तर डायरेक्टर हा पदाधिकारी असतो आणि किमान वेतनाचा १९९८ चा कायदा त्याला लागू होत नाही. पगार शून्य ठेवणं बेकायदा नाही. पण २०२५-२६ मध्ये वर्षाला किमान ६,५०० पौंड पगार दाखवला असेल, तरच ते वर्ष त्याच्या जोरावर सरकारी पेन्शनसाठी धरलं जातं. हे मात्र कोणी आवर्जून सांगत नाही.

"कमाई कमी, म्हणजे मदत जास्त"

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा. पहिल्या वर्षी तो खरा वाटतो, कारण व्यवसाय हेच तुमचं मुख्य काम आहे असं खात्याने एकदा ठरवलं की साधारण १२ महिन्यांची सूट मिळते. त्या काळात खरी कमाई मोजतात. त्यानंतर 'मिनिमम इन्कम फ्लोअर' लागू होतो. म्हणजे तुमच्याकडून अपेक्षित असलेले तास, जास्तीत जास्त आठवड्याला ३५, गुणिले किमान वेतन. त्यातून काल्पनिक कर वजा. २०२५-२६ चा ताशी १२.२१ पौंडांचा दर धरला तर ही रक्कम महिन्याला १,६०० पौंडांच्या थोडी पुढे जाते. तुम्ही तितके कमावले नाहीत, तरी कमावले असंच समजतात.

आकड्यात पाहू. एकटा, पंचविशी ओलांडलेला डायरेक्टर. त्याच वर्षीचा मूळ भत्ता ४००.१४ पौंड, घरभाड्यापोटी समजा ६०० पौंड. कंपनीचा नफा शून्य, पगार ५००. प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापतात, त्यामुळे पहिल्या वर्षी त्याला सुमारे ७२५ पौंड मिळतात. तेराव्या महिन्यात धंदा तसाच, पगार तोच, पण कपात धरलेल्या १,६०० पौंडांवर होते, आणि हाती येतात जेमतेम शंभर.

मोसमी धंद्याला हे आणखी जाचतं. गणपती ते दिवाळी ऑर्डरी तुडुंब, जानेवारीत शुकशुकाट. वर्षाची सरासरी चांगली असली तरी जानेवारीत फ्लोअर लागतो आणि सप्टेंबरच्या चांगल्या कमाईवर कपात होते ती वेगळीच. २०१८ पासून मागच्या महिन्यांचा तोटा पुढे ओढता येतो हे खरं. पण तोटा वजा करून कमाई फ्लोअरच्या खाली गेली, तर पुन्हा फ्लोअरच धरतात. छोट्या उद्योजकाला प्रोत्साहन द्या म्हणणाऱ्या देशात हा नियम कसा टिकला, याचं मला आश्चर्य वाटतं. तीन वर्षांखालच्या मुलाचा मुख्य सांभाळ करणाऱ्याला किंवा आजारपणामुळे कामाची क्षमता नसल्याचं ठरलेल्याला तो लागत नाही.

"कंपनीच्या खात्यात १६ हजारांच्या वर आहेत, म्हणजे संपलंच"

ही भीती बहुतेकदा अनाठायी. १६,००० पौंडांची मर्यादा तुमच्या वैयक्तिक बचतीला आहे. तुम्ही व्यवसाय चालवत आहात तोवर त्यासाठी वापरात असलेली कंपनीची मालमत्ता मोजत नाहीत. पण जोडीदाराची बचत आणि पगार मात्र मोजतात. बायकोला चांगली आयटीची नोकरी असेल, तर नवऱ्याची कंपनी कितीही बुडीत असो, हाती सहसा काही लागत नाही.

व्हिसावर असलेल्यांसाठी तर पहिला प्रश्नच वेगळा. स्किल्ड वर्कर व्हिसा आणि त्यावरच्या जोडीदाराचा व्हिसा, दोन्हींवर सार्वजनिक निधी न घेण्याची अट असते. युनिव्हर्सल क्रेडिट आणि चाइल्ड बेनिफिट त्यात मोडतात. अर्ज मंजूर झाला म्हणजे हक्क होता असं ठरत नाही, आणि अटीचा भंग पुढच्या व्हिसाच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. आयएलआर, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी, मिळाल्यावर ही अट सहसा सुटते. नॅशनल इन्शुरन्सच्या हप्त्यांवर मिळणारा न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स मात्र या निधीत मोडत नाही.

फ्लोअरखाली दबलेल्यांपुढे एक वाट उरते. व्यवसाय नियमित, संघटित आणि नफ्याच्या अपेक्षेने चाललेला आहे, की नाही, हे खातं तपासतं. तो तसा राहिलेला नाही असं ठरलं तर फ्लोअर सुटतो आणि प्रत्यक्ष कमाई मोजली जाते. बदल्यात नोकरी शोधावी लागते, आणि मिळालेली योग्य नोकरी धंद्याचं कारण सांगून नाकारता येत नाही. परिस्थिती बदलली असेल तर ही तपासणी पुन्हा करा असं स्वतःहून सांगता येतं. निर्णय पटला नाही तर एका महिन्याच्या आत फेरविचार मागायचा, आणि तिथेही नकार आला तर लवादाकडे जायचं.