विश्लेषण : ‘ब्रेक’ लागला की मोडला? सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द मराठी मुलांना का चकवतात?

गाडीचा ब्रेक लिहायचा बी-आर-ए-के-ई. ‘मशिन ब्रेकडाऊन’मधला ब्रेक मात्र बी-आर-ई-ए-के. भोसरी, चाकणच्या कारखान्यांत हे दोन्ही शब्द दिवसभर कानावर पडतात आणि उच्चार अगदी एकच. बोलताना काही अडत नाही. अडते ते शिफ्ट संपताना लॉगबुक भरायची वेळ येते तेव्हा. अशा शब्दांना इंग्रजीत होमोफोन म्हणतात. ‘होल’ म्हणजे भोक की संपूर्ण, ‘डाय’ म्हणजे साचा की रंग, ‘आयडल’ म्हणजे मूर्ती की नुसते सुरू असलेले इंजिन, हे फक्त स्पेलिंग सांगते.

इतकी वर्षे इंग्रजी शिकून गोंधळ का?

राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले 2000 मध्ये. तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे, चिंचवडचे नाट्यगृह त्यांच्याच नावाचे आहे. म्हणजे आज आयटीआयमध्ये किंवा अॅप्रेंटिस म्हणून येणारा मुलगा दहा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. तरी चूक होते, याचे एक कारण आपल्या वह्यांत सापडते. इंग्रजी शब्दावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहायची सवय आपल्याला असते. वाचायला मदत होते, पण दोन्ही ब्रेकवर ‘ब्रेक’च लिहिले जाते. फरक जिथे आहे ते स्पेलिंग डोळा सोडून देतो आणि लक्षात राहतो तो फक्त आवाज.

मराठीमुळे जोड्या वाढतात का?

वाढतात, आणि शिकवताना नेमके हेच निसटते. इंग्रजीत ‘पेन’ आणि वेदना या अर्थाचा ‘पेन’ यांचे स्वर वेगळे आहेत. मराठीत दोन्हींसाठी एकच ‘ए’. चाचणीची टेस्ट आणि चवीची टेस्ट, विक्रीचा सेल आणि बॅटरीचा सेल यांचेही तसेच. ‘गेट पास’मधल्या गेटचे स्पेलिंग जी-ई-टी होते, ते यामुळेच. त्यात व्ही आणि डब्ल्यू या दोन्हींना आपण ‘व’ म्हणतो. परिणामी ‘वेस्ट’ या एका उच्चारात पश्चिम, बनियन, कचरा आणि कंबर असे चार शब्द येऊन बसतात. इंग्रजांसाठी यांतले कचरा आणि कंबर एवढे दोनच सारखे. त्यामुळे परदेशी पुस्तकातली होमोफोनची यादी जशीच्या तशी वर्गात वाचून दाखवली, तर आपल्या मुलांच्या निम्म्या चुका त्या यादीत नसतातच.

इंग्रजीत असे झालेच कसे?

विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला 1476 मध्ये. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू गोठत गेले, बोली मात्र बदलत राहिली. समुद्राचा ‘सी’ आणि पाहण्याचा ‘सी’ पूर्वी वेगळे उच्चारले जात. ‘नाइट’ म्हणजे सरदार, यातला सुरुवातीचा ‘के’ही एकेकाळी ऐकू येई. आवाज एक झाले, अक्षरे मागे राहिली.

मराठीलाही हे नवे नाही. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. बोलताना हा फरक आपण फारसा करत नाही, पण ऱ्हस्व-दीर्घाचे गुण मात्र कापले जातात. मुलांना हे आधीच माहीत असते, तेव्हा इंग्रजीचा तास इथून सुरू करायला हरकत नाही.

मग शिकवायचे कसे?

जोडी एकदम फळ्यावर लिहू नये. दोन्ही शब्द नवे असतील तर ते एकत्रच डोक्यात शिरतात आणि एकत्रच गोंधळ घालतात. एक शब्द पक्का झाल्यावर दुसरा आणावा, तोही एकटा नाही तर गोतावळ्यासह : ब्रेक शू, ब्रेक लायनर, ब्रेक ऑइल एका बाजूला, ब्रेकडाऊन, ब्रेकेज, ब्रेकफास्ट दुसऱ्या. श्रुतलेखन वाक्याचे घ्यावे. सुटा ‘ब्रेक’ सांगून स्पेलिंग विचारले, तर त्याला बरोबर उत्तरच नसते.

खुणाही उपयोगी पडतात. ऐकण्याच्या ‘हिअर’मध्ये ‘इअर’ म्हणजे कान लपलेला आहे. वह्या-पेनांच्या स्टेशनरीत ‘एन्व्हलप’चा ई, तर जागेवर उभ्या असलेल्या ‘स्टेशनरी’त ‘पार्क’चा ए. (इंजिनीअरिंगला असताना ‘डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स’च्या जर्नलवर मी वर्षभर चुकीचे स्पेलिंग मिरवले. त्याचा अर्थ ‘गुपचूप गणित’ असा होतो, हे नंतर कळले.)

ब्रिटिश-अमेरिकी फरकाचे काय?

औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न खराच येतो. ब्रिटिश पद्धतीत लांबीचा मीटर संपतो आर-ई ने आणि मोजायचे यंत्र ई-आर ने. अमेरिकेत दोन्हीकडे ई-आर. गाडीचा टायर आपण वाय घालून लिहितो, अमेरिकी ड्रॉइंगवर तिथे आय असतो. ही चूक नव्हे, फक्त एका कागदावर दोन्ही नकोत.

मोबाइल चूक पकडत नाही का?

प्रत्येक वेळी नाही. साधा स्पेलचेकर शब्द अस्तित्वात आहे की नाही एवढेच बघतो. अलीकडची अॅप आजूबाजूचे शब्द पाहून अंदाज बांधतात, पण त्यांना वाक्य लागते. ‘ब्रेक प्रॉब्लेम, लाइन 2’ एवढ्याच नोंदीवरून ब्रेक खराब आहे की लाइन बंद पडली, हे त्यांनाही ठरवता येत नाही. पुढच्या शिफ्टच्या माणसाला मात्र ते ठरवावेच लागते.