शय्येवरील स्थिती व निद्रेतील श्वासरोध

जिव्हामूल, मृदुतालू व ग्रसनी हे अवयव ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकास उच्चारणाची साधने म्हणून परिचित असतात. तेच अवयव श्वासमार्गाच्या भिंतीही आहेत, याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. प्रौढ मनुष्याचे स्वरयंत्र इतर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या मानाने खाली असते. म्हणून जिभेचा मागील भाग ग्रसनीची पुढची भिंत बनतो. या भागास अस्थीचा भक्कम आधार नाही. जागेपणी तो मार्ग मुख्यतः स्नायूंच्या ताणाने उघडा राहतो.

निद्रेत हा ताण सैलावतो. उताणे निजल्यास जीभ व मृदुतालू स्वभाराने मागे येतात, मार्ग अरुंद होतो आणि हवेच्या झोताने मृदुतालू व पडजीभ थरथरू लागतात. यालाच आपण घोरणे म्हणतो. घरोघरी तो थट्टेचा विषय असतो. वस्तुतः भय त्या आवाजाचे नाही, मध्येच पडणाऱ्या शांततेचे आहे. श्वास निदान 10 सेकंद थांबला म्हणजे त्यास श्वासरोध म्हणतात. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणमात्र जागा होतो आणि गचका बसून श्वास पुन्हा सुरू होतो. निजणाऱ्यास सकाळी यातले बहुधा काहीच आठवत नाही. दिवसभर पेंग मात्र येत राहते. खरी साक्ष शेजारी निजणाऱ्याची!

उताण्या स्थितीत श्वासरोधाचे प्रमाण इतर स्थितींच्या निदान दुप्पट असणाऱ्या रुग्णांचा वेगळा वर्ग रोझलिंड कार्टराइट यांनी 1984 साली दाखवून दिला. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या 574 रुग्णांच्या पाहणीत असे रुग्ण सुमारे 56 टक्के आढळले. त्यांचा विकार तुलनेने सौम्य व देह कमी स्थूल होता. अशांना कुशीवर निजण्याने पुष्कळ आराम पडतो. सदऱ्याच्या पाठीवर चेंडू शिवण्याची युक्ती ओबडधोबड असली तरी गुणकारी आहे. परंतु ती टोचते, म्हणून बहुतेक जण काही काळाने सोडून देतात. विकार तीव्र असल्यास केवळ कूस बदलून भागत नाही. तेथे 1981 साली कॉलिन सलिव्हन यांनी वर्णिलेला, नाकावाटे दाबाने हवा देण्याचा उपाय योजावा लागतो.

तान्ह्या मुलांस मात्र हे लागू करू नये. अर्भकास निजवावयाचे ते उताणेच. कारण पालथे वा कुशीवर निजविल्यास आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो.