परताव्याचा तक्ता शेवटी

महिना संपला की दहा दिवसांत म्युच्युअल फंडांना योजनांची गुंतवणूक जाहीर करावी लागते. फॅक्टशीटही त्याच सुमारास येते. ती उघडली की बहुतेकांची नजर थेट परताव्यावर जाते. मी तो तक्ता शेवटी वाचते.

कारण त्यात फक्त दोन तारखांमधला हिशेब असतो. 31 मार्च 2020 ला, कोविडच्या पडझडीत, निफ्टी 50 साधारण 8,600 वर होता; वर्षभराने 14,700 च्या आसपास. त्यामुळे मार्च 2021 च्या फॅक्टशीटमध्ये बाजाराच्या मागे पडलेल्या योजनेचाही वर्षाचा परतावा डोळे दिपवणारा दिसे. म्हणून शेजारचा बेंचमार्कचा रकाना पाहायचा. 2018 पासून हा निर्देशांक लाभांश धरून मोजलेला, म्हणजे टीआरआय, असावा लागतो. त्याआधी लाभांश वगळलेल्या निर्देशांकाशी तुलना चाले आणि योजना आहे त्याहून सरस वाटे.

खरी गंमत शेअर्सच्या यादीत आहे. लार्ज कॅप योजनेला किमान 80 टक्के पैसे बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्यांतच ठेवावे लागतात. मी त्या यादीशेजारी निफ्टीच्या इंडेक्स फंडाची यादी ठेवते. वरची नावं तीच, एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स, आणि टक्केवारीही जवळपास तीच निघाली, तर फंड मॅनेजरच्या फीचे पैसे आपण कशासाठी मोजतोय?

ही फी खर्चाच्या प्रमाणात, म्हणजे टीईआरमध्ये दिसते. डायरेक्टपेक्षा रेग्युलर प्लॅनचा आकडा मोठा, कारण त्यात वितरकाचं कमिशन असतं. फरक एखाद्या टक्क्याचा, पण एक लाख रुपये वीस वर्षं 12 टक्क्यांनी वाढले तर सुमारे 9.65 लाख होतात. 11 टक्क्यांनी 8.06 लाख. वितरक खरोखर सल्ला देत असेल तर ते पैसे जरूर द्यावेत. नुसता फॉर्म भरून घेण्यासाठी दीड लाख फार झाले.

डेट फंडात मात्र आधी रोख्यांचं मानांकन बघावं, व्याजदर नंतर. एप्रिल 2020 मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट योजना एकाएकी गुंडाळल्या आणि लोकांचे पैसे अडकले. त्या योजनांत एए आणि ए अशा खालच्या दर्जाचे रोखे किती आहेत, ते दर महिन्याच्या यादीत छापून येत होतं.