वत्सला कोठे गेली?

पार्से, मांद्रे, हरमल अशा पेडणे महालातील गावांत जत्रांचा हंगाम सुरू झाला म्हणजे दशावतारी मंडळींचे पेटारे देवळासमोर उतरतात, आणि गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती व वेद पळविणारा संकासूर यांचा आडदशावतार आटोपला, की लिखित संहितेवाचून, केवळ नटांच्या बहुश्रुततेवर विसंबून, मुख्य आख्यान उभे राहते. ते कधी 'वत्सलाहरण' असते: बलरामाने कन्या दुर्योधनपुत्र लक्ष्मणास देऊ केलेली, घटोत्कच मायेने वत्सला होऊन बोहल्यावर उभा राहतो, आणि खरी वत्सला अभिमन्यूस मिळते. पुढे अभिमन्यू चक्रव्यूहात पडतो तेव्हा मात्र विलाप करते ती उत्तरा. वत्सलेचे नावही निघत नाही.

व्यासांच्या ग्रंथात ती नाहीच. भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत तर गणपती महाभारताचा लेखक झाल्याची कथादेखील परिशिष्टात गेली. विलायतेत डॉक्टर वॉटसनची जखम १८८७ च्या कादंबरीत खांद्याला आणि १८९० च्या कादंबरीत पायाला असल्याने वाचकांनी तिच्या संगतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या खल केला. अमेरिकेत 'स्टार वॉर्स'च्या नव्या मालकांनी २०१४ मध्ये जुन्या कादंबऱ्या अधिकृत इतिहासातून वगळून दंतकथांच्या सदरी टाकल्या. आमच्या पुराणिकांनी कल्पभेदाची तोड काढली: अमुक प्रसंग या कल्पातला, तमुक त्या कल्पातला, आणि दोन्ही खरे. ही तोड मला फार उदार वाटते, कारण तिच्यात कोणतीच कथा रद्दबातल होत नाही.

परंतु जत्रेतल्या प्रेक्षकाला तिचीही गरज पडत नाही, आणि याचे कारण बलराम आहे. दुर्योधन त्याचा गदायुद्धातील लाडका शिष्य; भीमाने त्याची मांडी फोडली तेव्हा हा नांगर उगारून धावला, ही व्यासांचीच नोंद. आख्यानकाराने त्याला नवी कन्या दिली, पण त्याचा पक्षपात जसाच्या तसा ठेवला. ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा मोडून विवाहाला राजी झालेला भीष्म कोणी उभा केला, तर तोच प्रेक्षक ते आख्यान क्षणभरही मानणार नाही. वंशावळीत फेरफार चालतो. वर, शाप आणि प्रतिज्ञा यांच्या दप्तराला हात लावता येत नाही. कृष्णार्जुनयुद्धाचे आख्यानही व्यासांचे नव्हे, तरी त्याचा सगळा पेच याच दप्तरातून निघतो: कृष्णाने चित्रसेन गंधर्वाच्या वधाची शपथ घेतलेली, अर्जुनाने वैरी कोण हे न विचारता त्याला अभय दिलेले, आणि शेवटी देवांना मध्ये पडावे लागते, कारण दोघांपैकी एकाचाही शब्द खोटा पाडण्याची मुभा आख्यानकाराला नसते.