रेस सोडली की बंद!

गणपतीला किंवा दिवाळीला गावी गेलं, की पडवीतली मोटरसायकल बाहेर निघते. ताडपत्री काढायची, धूळ झटकायची, चाकांत हवा भरायची. बऱ्याच किका खाऊन इंजिन एकदाचं सुरूही होतं. पण मूठ सोडली रे सोडली, की गाडी बंद. चोक ओढून ठेवला तर चालते, रेस धरली तर चढही चढते. फाटकापाशी किंवा नाक्यावर थांबलं, की पुन्हा किक मारा. चार महिने पावसात उभ्या राहिलेल्या कोकणातल्या गाडीची जी तक्रार, तीच पुण्या-ठाण्याच्या सोसायटीत महिनोन् महिने झाकून ठेवलेल्या गाडीची.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे आयडलिंगचा स्क्रू पिळणे. त्याने गाडी बंद पडायची थांबते, पण बिघाड जिथल्या तिथेच राहतो. तो कुठे असतो, हे कळलं की दुरुस्तीची निम्मी वाट सरते.

आयडलिंगचं पेट्रोल येतं कुठून?

इंजिन हवा खेचतं. ती कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर येऊन हवेत फवारलं जातं. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी 1893 च्या सुमारास ही फवाऱ्याची रचना इंजिनाला दिली आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं दुचाक्या तिच्यावरच धावल्या. तिच्यात एक अडचण आहे. मूठ सोडली, की गळा जवळजवळ मिटतो, हवेचा वेग मंदावतो आणि मेन जेटमधून पेट्रोल वर चढत नाही. म्हणून आयडलिंगसाठी वेगळी वाट ठेवलेली असते: आधी स्लो जेट, मग एक बारीक नळी आणि शेवटी इंजिनाच्या बाजूला उघडणारं छोटं छिद्र. 100 ते 150 सीसीच्या गाड्यांत स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. इंजिन मिनिटाला सुमारे 1,400 फेरे शांतपणे मारत राहतं, ते एवढ्याशा भोकातून येणाऱ्या पेट्रोलवर.

आयडलिंगचा स्क्रू पिळला, की गळा थोडा उघडा राहतो आणि पेट्रोलला दुसऱ्या वाटा मिळतात. स्लो जेट तुंबलेलाच असतो. गाडी त्याला वळसा घालून चालते. मग उभ्या गाडीचं इंजिन ओरडत राहतं, पेट्रोल जास्त लागतं आणि गिअर टाकताना गाडी झटका देते.

उभ्या गाडीत काय घडतं?

पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण असतं. त्यातले हलके भाग आधी उडून जातात. वाटीत पेट्रोल थोडं आणि ती बाहेरच्या हवेला नळीने जोडलेली, त्यामुळे काही आठवड्यांतच तिथलं पेट्रोल आटतं. जे उरतं, त्याचा हवेशी संयोग होऊन चिकट, पिवळसर तपकिरी राळ बनते. तिला जुन्या व्हार्निशसारखा आंबूस वास येतो. ही राळ सगळ्यात बारीक भोक आधी बुजवते, म्हणून पहिला बळी स्लो जेटचा.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. देशातल्या पेट्रोलमधलं त्याचं प्रमाण 2022 मध्ये 10 टक्क्यांवर आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर गेलं. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा त्यात मोठा वाटा आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. पाणी फार झालं, की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो आणि कार्बोरेटरला पेट्रोल जातं ते टाकीच्या तळातूनच. वाटीत दिसणारी पांढरी भुकटी हे या ओलाव्याने धातू खाल्ल्याचं लक्षण.

पाना हातात घेण्याआधी

कार्बोरेटर लगेच उघडू नका. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरा. प्लग काढून बघा; काळा किंवा ओला असेल, तर साफ करा किंवा बदला. एअर फिल्टरचा डबा उघडा. गावाकडे त्यात उंदराचं घरटं सापडणं नवलाचं नाही आणि ओव्हरफ्लोच्या नळीत किंवा सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर बांधून गेलेली असते.

मग गाडीचं वागणं वाचा. चोक ओढल्यावरच चालते, याचा अर्थ पेट्रोल कमी पडतंय: स्लो जेट तुंबलाय किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरतेय. मूठ सोडल्यावरही रेस वरच अडकून हळूहळू उतरत असेल, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला तडा असण्याची शक्यता मोठी. इंजिन सुरू ठेवून त्या जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला, तर हवा तिथूनच शिरतेय. काळा धूर आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर उलट पेट्रोल जास्त होतंय: चोक अडकलाय, फिल्टर चोंदलाय किंवा वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची सुई नीट बसत नाही.

जेट उजेडात धरा

हे काम मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर करायचं. जवळपास विडी-काडी, निरांजन काही नको; दिवाळीत फटाक्यांपासूनही लांब. पेट्रोलचा कॉक बंद करा आणि वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. तळाशी पाण्याचे थेंब किंवा गंजाचा चुरा दिसला, तर टाकीही धुवावी लागेल.

कार्बोरेटर उतरवल्यावर, आयडलिंगच्या हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी एक मोजमाप घ्यायचं. तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे बसले ते लिहून ठेवा. टेकल्यावर पिळलात, तर त्याचं टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. स्लो जेट पितळी आणि मऊ असतो. खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर वापरा, नाहीतर खाच झिजते आणि जेट आतच राहतो.

निघालेला जेट उजेडाकडे धरा. साफ असेल, तर आरपार एक गोल, लख्ख ठिपका दिसतो. ठिपका दिसलाच नाही किंवा अर्धचंद्रासारखा दिसला, तर चोर सापडला. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून त्यात थोडा वेळ भिजू द्या. मग जुन्या वायरीतली तांब्याची एकच तार आत घाला. स्टीलची सुई किंवा टाचणी कधीच नको. भोक केसभर मोठं झालं, तरी जेट कायमचा बिघडला. ओ-रिंग आणि रबरी पडदा काढून ठेवून मगच फवारा मारा, क्लीनरने रबर फुगतं. डोळ्यांवर चष्मा हवाच. जेट बसायच्या जागेतून फवारा मारला, की गळ्यातल्या छोट्या छिद्रातून धार बाहेर यायला हवी. जेट साफ करून नळी तशीच ठेवणं, ही या कामातली सर्रास चूक. धार दिसेपर्यंत जोडणीला हात लावू नका.

ट्यूनिंग

मिक्श्चर स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर बसवा आणि गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून इंजिन तापवा. आयडलिंग किंचित वर ठेवून मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. जिथे आवाज सर्वांत चढा आणि एकसारखा येतो, ती जागा धरा. मग आयडलिंग पुस्तिकेतल्या आकड्यावर उतरवा. एक भान ठेवा: हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो हवा सोडतो आणि बाहेर काढल्यावर मिश्रण पातळ होतं. इंजिनाच्या बाजूला असेल, तर तो पेट्रोल सोडतो आणि परिणाम उलटा होतो.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. त्या गाडीची हीच तक्रार असेल, तर पहिला संशय बॅटरीवर घ्या; ती उतरली, की पेट्रोलच्या पंपाला पुरेसा जोर मिळत नाही. त्यानंतर थ्रॉटल बॉडीतली काजळी आणि इंजेक्टर तपासून घ्या. कारखान्यात रंगाने सील केलेल्या स्क्रूला मात्र हात लावू नका.

पुन्हा उभी करताना

हा बिघाड टाळणं त्याच्या दुरुस्तीहून सोपं आहे. गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल, तर लोखंडी टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत ओल धरायला जागा उरत नाही. कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा, मग वाटीचा स्क्रू सैल करून उरलंसुरलं पेट्रोल काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. घरी कोणी असेल, तर त्यांना गाडी जागेवर पाच मिनिटं सुरू ठेवायला सांगू नका. तेवढ्यात बॅटरी चार्ज होत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचतं. पंधरवड्याने वीस किलोमीटरची एक फेरी त्याहून कितीतरी भली.

आणि हे सगळं स्वतः करायला जमणार नसेल, तर ज्या मेकॅनिककडे जाल, त्याला एवढंच सांगा: स्क्रू फिरवू नकोस, कार्बोरेटर खोल आणि स्लो जेट मला दाखव. जो तो उजेडात धरून दाखवेल, त्याला त्याची मजुरी आनंदाने द्या आणि पुढच्या खेपेलाही गाडी त्याच्याकडेच न्या.