जबडा बाजूला सरकतो तेव्हा

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले की खालच्या जबड्याची चाल बोटाला कळते. सांधा आधी बिजागरीसारखा फिरतो; तोंड आणखी उघडले की हाडाचे टोक पुढे घसरते. मिटताना मात्र जबडा कुठे थांबेल, हे शेवटी दात ठरवतात.

अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचे तीन वर्ग पाडले. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या कायमच्या दाढा एकमेकींवर पुढेमागे कशा बसतात, हा त्यांचा आधार होता. पण एक दोष आडवा असतो. डब्याचे झाकण कडेच्या बाहेरून बसते, तशी वरच्या दातांची रांग खालच्या रांगेच्या किंचित बाहेर असावी लागते. वरचा जबडा अरुंद असला की टोकावर टोक येते. मग नीट चावता यावे म्हणून मूल नकळत खालचा जबडा एका बाजूला सरकवते.

वयात येताना जबडे वेगाने वाढतात. मुलींचे आधी, मुलांचे साधारण दोन वर्षांनी. सरकण्याची सवय तेव्हा तशीच राहिली, तर वाढही तिरपी होऊ शकते. टाळूच्या मध्यभागी वरच्या जबड्याच्या दोन भागांची शिवण असते. लहानपणी ती मोकळी असल्याने साध्या साधनाने जबडा रुंद करता येतो. पुढे ती घट्ट होते आणि मोठेपणी शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

परभणी जिल्ह्यातल्या मानवतसारख्या कापसाच्या गावी या फरकाला वेगळेच वजन आहे. मानवत रोड स्थानकावरून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाकडे रेल्वेने जाता येते. पण दातांना तार बसवली की दीड-दोन वर्षे, बहुधा दर महिन्याला फेरी घालावी लागते. वेचणीच्या दिवसांत प्रत्येक फेरीमागे एक रोज बुडतो. दोष लवकर सापडला तर पुष्कळदा उपचार आटोपशीर होतो.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत मुलांना तपासतात. त्यांच्या यादीत दातांची कीड आहे. त्याच वेळी मुलाला एवढेच सांगावे : तोंड उघड, आता सावकाश मीट. दात टेकताना हनुवटी बाजूला गेली, तर दंतवैद्याची चिठ्ठी द्यावी. याला अर्धा मिनिटही लागत नाही.