तीन मीटरांची हाऊसगल्ली

मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी रेल्वे रुळांलगतच्या आणि रस्त्यांकडेच्या ज्या झोपड्या हटवल्या गेल्या, त्यांतील हजारो कुटुंबांना २००० नंतरच्या दशकात मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडमध्ये आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाऊंडमध्ये २२५ चौरस फुटांच्या पक्क्या खोल्या मिळाल्या. पत्र्याखालून स्लॅबखाली आलेल्या माणसाचे आरोग्य सुधारावे, अशी स्वाभाविक अपेक्षा होती. तथापि ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने मुंबईच्या आयआयटीच्या साह्याने केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण त्याच भागातील, तुलनेने मोकळ्या असलेल्या पीएमजी कॉलनीपेक्षा बरेच अधिक आहे, आणि खालच्या मजल्यांवर, म्हणजे जेथे ऊन व वारा सर्वात कमी पोहोचतो तेथे, ते विशेष वाढते.

यामागील कार्यकारणभाव गुंतागुंतीचा नाही. क्षयाचा जंतू रुग्णाच्या खोकल्यातून हवेत जातो, कोंदट व अंधाऱ्या खोलीत बराच काळ टिकून राहतो, आणि हवा खेळती असेल तर विरळ होतो. सूर्यप्रकाशात तो मरतो. या वसाहतींतील अनेक इमारतींमधील अंतर जेमतेम तीन मीटर असून, त्या फटीला मुंबईकर ‘हाऊसगल्ली’ म्हणतात. वरच्या मजल्यांवरून तेथे कचरा पडतो, त्याच्या दुर्गंधीमुळे आणि डासांमुळे तळमजल्यावरची खिडकी बंद ठेवली जाते, आणि मग भरदुपारीही ट्यूबलाइट लावल्याशिवाय स्वयंपाक होत नाही. नकाशावर खिडकी असते, प्रत्यक्षात भिंत असते.

या शहराला हे ठाऊक नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी पुढे साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून खालच्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत ओढलेली रेषा जमिनीशी याहून मोठा कोन करू नये, म्हणजेच इमारतीची उंची समोरील मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक असू नये, असा त्याचा अर्थ होतो. या हिशेबाने तीन मीटरांच्या फटीलगत सहा मीटरांची, म्हणजे दोन मजल्यांची इमारत शोभली असती. शंभर वर्षांनंतर तेथे पाच-सात मजले उभे राहिले. पुनर्वसनात जागा वाचवण्यासाठी अंतराच्या नियमांना सवलती दिल्या गेल्या, आणि वाचलेल्या जागेची किंमत रहिवाशांच्या फुप्फुसांनी मोजली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

माणूस जेथे जन्मतो, राहतो, काम करतो आणि म्हातारा होतो त्या परिस्थितीला आरोग्यशास्त्रात ‘आरोग्याचे सामाजिक निर्धारक’ म्हणतात. मायकल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला सादर केलेला अहवाल याच विषयावर होता. मानखुर्द ज्यात मोडते त्या एम-पूर्व विभागाचा मानव विकास निर्देशांक २००९ च्या मुंबई अहवालात शहरातील २४ विभागांत सर्वात कमी नोंदवला गेला होता. परिस्थितीचा हा परिणाम रोग होण्यापुरता न राहता उपचारातही शिरतो. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो, परंतु खोकला आणि ताप काही आठवड्यांतच ओसरतात, आणि नाक्यावर काम शोधणाऱ्या मजुराला किंवा घरकाम करणाऱ्या बाईला दवाखान्याच्या प्रत्येक फेरीमागे एक खाडा पडतो. गोळ्या मध्येच सुटतात त्या बहुधा येथे. अर्धवट उपचारांतून औषधांना न जुमानणारा क्षय उद्भवू शकतो आणि तोच पुढे त्याच खोलीतील इतरांना जडू शकतो. शासन रुग्णाला निक्षय पोषण योजनेखाली २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये देते. आहाराला त्याचा हातभार लागतो, बुडालेला रोज त्यातून भरून निघत नाही.

याहून अवघड असते ती लपवाछपवी. लोकनिंदेच्या भयाने आजार दडवण्यास भाग पाडणाऱ्या सामाजिक कलंकाचा भार स्त्रियांवर अधिक पडतो, कारण मुलीला टीबी झाल्याचे कळले तर स्थळ मोडेल आणि सुनेचे कळले तर तिला माहेरी धाडतील, ही भीती निराधार नसते. गोळ्यांची पाकिटे मग डाळ-तांदळाच्या डब्यांमागे जातात, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या वसाहतीत, जेथे शेजारणीला खोकलाही ऐकू येतो, आजार गुप्त ठेवण्याचा खटाटोप स्वतःच एक दुखणे होऊन बसतो. दवाखान्याच्या रुग्णपत्रिकेवर वय, वजन आणि पत्ता लिहिला जातो. मजला वेगळा नोंदवला जात नाही, त्यामुळे आजाराचा घराशी असलेला संबंध कागदावरही दडूनच राहतो.

पुनर्वसनाच्या नव्या इमारती अजून आराखड्यांत आहेत, तोवरच अंधाऱ्या तळमजल्यांची ही चूक सुधारता येईल. तळमजल्यावर दिवसा किती उजेड पोहोचेल याचे मोजमाप नकाशाच्या मंजुरीआधी सक्तीचे करावे, आणि त्या मंजुरीच्या बैठकीत विभागाच्या क्षयरोग अधिकाऱ्यालाही बसवावे.